लिंबूचा डाव

कवळ्या करणाऱ्या त्या माणसाला आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं भारदस्त नाव होतं. विजेच्या बिलावर ते छापून यायचं, बाकी कुठे त्याचा उपयोग झाला नाही. घरात सगळे त्याला लिंबू म्हणत. भाच्यांचा तो लिंबूमामा, पुतण्यांचा लिंबूकाका. नव्याने ओळख झालेल्याला वाटे, स्वारी स्वभावाने आंबट असणार. तसं काही नव्हतं. पन्नाशी उलटली तरी त्याने कोणाला वर तोंड करून उत्तर दिल्याचं ऐकिवात नव्हतं. नाव मूळचं ‘कच्चा लिंबू’ असं होतं. वापरून वापरून त्यातला ‘कच्चा’ बोलण्यातून गळून पडला. माणसांच्या मनातून मात्र गळला नाही.

कच्चा लिंबू म्हणजे काय, हे ज्याला धाकटं भावंड होतं त्याला सांगायला नको. मुलं खेळायला लागली की त्यांत एखादं फारच चिमुरडं पोर घुसतं. त्याला घेतलं नाही तर ते भोकाड पसरतं आणि घेतलं तर खेळाचा विचका करतं. त्यावर जुना तोडगा आहे. त्याला कच्चा लिंबू करायचं. त्याने पळावं, लपावं, पत्ते टाकावेत, काय हवं ते करावं. पण तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, आणि तो जिंकला तर ती जीतही कोणी धरत नाही. पोराला वाटतं, आपण खेळतोय. बाकीच्यांना खरं काय ते माहीत असतं. ही सोय साधारण वर्षा-दोन वर्षांपुरती असते. लिंबूच्या बाबतीत ती जन्माला पुरली.

आणि हे कुठल्या घरात घडावं, तर मास्तरांच्या घरात. मास्तर म्हणजे लिंबूचे वडील. शाळेत खेळ शिकवायचे आणि गळ्यातली शिट्टी घरी आल्यावरही काढायचे नाहीत. बाकी बाबतीत माणूस मऊ होता, पण खेळाच्या नियमापुढे त्यांना बायको दिसत नसे, पोर दिसत नसे, ताटातलं अन्न निवताना दिसत नसे. कॅरमची सोंगटी रेषेला शिवली की नाही यावर एकदा सगळं घर उपाशी बसलं होतं, आणि शेवटी मास्तर जमिनीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून निकाल देऊन उठले तेव्हा कोणाला भूकच राहिली नव्हती. घरातले तंटेही ते खेळूनच सोडवत. खिडकीजवळ कोणी झोपायचं, दूध कोणी आणायचं, नव्या सायकलवर आधी कोण बसणार, सगळ्याला एकच औषध. मांडा डाव. पत्त्यांचा एक डाव व्हायचा आणि निकाल लागला की त्यावर चकार शब्द काढायचा नाही. ‘डाव म्हणजे डाव,’ मास्तर म्हणत, आणि शिट्टी वाजवत.

थोरल्या तिघांना हे पाणी चांगलंच मानवलं. अक्काला पडलेलं प्रत्येक पान लक्षात राहायचं. दादा हरला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा आणि नळाच्या आवाजात रडून घ्यायचा. ताई जिंकली की हरलेल्याला झोप लागेपर्यंत चिडवायची. लिंबू त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, शेंडेफळ. त्याला समज आली तेव्हा हे तिघं पत्त्यांत इतके तरबेज झाले होते, की त्याला खरं खेळायला घेणं म्हणजे कोंबडीच्या पिल्लाला कुस्तीत उतरवणं. मास्तरांनीच फैसला केला. ‘हा कच्चा लिंबू. दहावं पुरं झालं की पक्का.’

दहावं पुरं व्हायच्या आधी लिंबू छातीच्या तापाने आजारी पडला. डॉक्टरांनी सांगितलं, पोराला दगदग नको, उत्तेजना नको. त्यामुळे पक्का होणं लांबलं. मग ते लांबतच गेलं, आणि एक दिवस मास्तर शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडले ते उठले नाहीत. त्यानंतर कधीतरी, मिसरूड फुटल्यावर, लिंबूने विषय काढला. आता मला पक्का करा म्हणाला. दादाला नुकतीच नोकरी लागली होती आणि बोलण्यात वजन आलं होतं.

‘ज्याने कच्चा केला त्यानेच पक्का करायचा असतो,’ दादा म्हणाला. ‘बाबांनी केला होता. आता बाबा नाहीत. आम्ही कोण?’

सगळे खो खो हसले. लिंबूही हसला. पण थट्टेत निघालेल्या शब्दाला त्या घरात कायद्याची किंमत यायला वेळ लागत नसे. पुढे सुट्टीत भावंडं जमली, पत्ते निघाले, की लिंबूलाही पानं वाटली जात. तो चुकीचं पान टाकी तेव्हा कोणीतरी प्रेमाने म्हणे, ‘परत घे रे.’ तो जिंकला तर टाळ्या वाजवत आणि मग दुसरा कोण आला ते बघत. खरा जिंकणारा तो.

हे पत्त्यांपुरतं राहतं तर बोलायचं कारण नव्हतं. पण खेळातली सवय माणसं उठताना टेबलावर ठेवून उठत नाहीत. जुनं घर सोडायचं ठरलं ते तिघांनी बसून ठरवलं आणि लिंबूला फोनवर कळवलं. त्याचं लग्न जमवायचं दोनदा घाटत होतं, ते का बारगळलं हेही तिघांनाच माहीत. ‘तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस? आम्ही आहोत ना,’ हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं, की समोरच्याने ‘तू कशाला’ म्हटलं की पुढचं तो मनातल्या मनात पुरं करी. त्याच्यावर कोणाचा राग नव्हता, सगळ्यांची माया होती. लाड करून माणसाला बाजूला कसं बसवावं, हे त्या घराकडून शिकावं.

कामही त्याला असं मिळालं होतं, की दिवसभर माणसांच्या तोंडात हात घालायचा आणि माणूस एकही भेटायचा नाही. एका इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याखालून वळून गेलं की त्याच्या दोन खोल्या लागत. पुढची कामाची, मागची राहण्याची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेत आणि डब्यातून त्याच्याकडे पाठवत. तो त्यात प्लास्टर ओतून जबडा काढी, जबड्यावर मेणाची हिरडी चढवी, मेणात एकेक दात बसवी, वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा जुळवी. मग कवळी तयार होऊन, घासूनपुसून, डब्यातून परत जाई. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने ठेवलेले असत, प्रत्येकावर डॉक्टरांची चिठ्ठी. लिंबू त्यांच्याशी बोले. ‘काय आजोबा, डावीकडे टोचतं म्हणे?’ असं म्हणून तो एखाद्या जबड्याची डावी बाजू कानशीने हलकेच घासून देई. बसमध्ये समोरचं म्हातारं माणूस हसलं की त्याची नजर आधी दातांवर जाई. कधीकधी दात त्याचेच निघत. तो ओळखीचं हसे, आणि ते माणूस दुसरीकडे बघू लागे.

संध्याकाळी हात धुतले की मेणाचा वास जायचा नाही आणि दाराची कडी वाजायची नाही. तो रेडिओ लावून जेवायचा. बातम्या सांगणाऱ्या बाईला मधून मधून ‘हं, हं’ म्हणायचा, म्हणजे घरात दोन आवाज होत.

जुनं घर सोडल्यापासून आई अक्काकडे राहत होती. आता ऐंशी पार केलेल्या आईचा सगळा संसार एका बॅगेत मावत होता. अक्का एकटी पडली तसा तिच्या मुलाने तिला दूर आपल्याकडे राहायला बोलावलं. त्याचं घर लहान, बायकोची आई आधीच तिथे. अक्काचं जाणं ठरलं आणि प्रश्न उभा राहिला, आई कुठे जाणार. लिंबूने त्याच दिवशी फोन केला. फोन करण्यापूर्वी त्याने काय बोलायचं ते दोनदा म्हणून पाहिलं होतं.

‘अक्का, आईला माझ्याकडे येऊ दे.’

‘तुझ्याकडे?’ अक्का म्हणाली. ‘अरे, तू एकटा. दिवसभर तुझं ते दातांचं. आणि आम्ही तिघं संसारी असताना आई तुझ्याकडे ठेवली तर लोक काय म्हणतील? तू कशाला...’

पुढचं त्याने मनात पुरं केलं. पण या वेळी तो ऐकून गप्प बसला नाही. म्हणजे बोलला काही नाही, मागची खोली मात्र आवरायला घेतली. पलंगाचे पाय करवतीने कापून तो बुटका केला, आईचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून. न्हाणीघरात धरायला दांडा ठोकून घेतला. प्लास्टरची पोती पुढच्या खोलीत हलवली आणि आपली गादी कामाच्या टेबलाखाली सरकवून पाहिली, बसते का. बसली. कामाच्या टेबलावरून मागच्या खोलीचा पलंग दिसावा म्हणून त्याने फळीवरचे जबडे एका बाजूला केले. आई तिथे बसेल, तो इथे दात बसवत असेल, ती विचारेल, कोणाचे रे हे, तो म्हणेल, माहीत नाही. एवढंच त्याला हवं होतं. पण ते इतकं हवं होतं, की त्या विचाराने त्याच्या हातून एका बिचाऱ्याचे पुढचे दोन दात वाकडे बसले आणि सगळं मेण उतरवून पुन्हा करावं लागलं.

सुट्टीच्या दिवशी सगळे अक्काकडे जमले. घर अर्धं आवरलेलं होतं. पडदे काढलेले, भिंतींवर तसबिरींचे चौकोन उरलेले. जेवणाचं टेबल तेवढं जागेवर होतं. आई खिडकीपाशी तिच्या खुर्चीत होती, आणि सगळे तिच्यासमोर असं बोलत होते जसं काही ती शेजारच्या खोलीत आहे.

‘माझ्याकडेच यायला हवी ती, खरं म्हणजे,’ दादा म्हणाला. ‘पण आईचे गुडघे. आणि आमचा तिसरा मजला.’

‘मी तर कधीची नेते म्हणतेय,’ ताई म्हणाली. ‘पण यांची बदली कधी येईल सांगता येत नाही. आईची किती फरफट करायची?’

एकाने पुढे सरकावं, दुसऱ्याने त्याला ‘नाही नाही, तू कशाला’ म्हणावं, असं बराच वेळ चाललं. लिंबूने दोनदा घसा खाकरला. कोणी वळून पाहिलं नाही. आईलाच विचारा, असं तो म्हणाला, तर ताई म्हणाली, ‘तिला कशाला पेचात टाकायचं?’ शेवटी दादा म्हणाला, आपण बाबांच्या पद्धतीने ठरवू.

सगळ्यांना हायसं वाटलं. डाव लागला की कोणाला कोणाकडे बघायला नको. फक्त एक अडचण निघाली. आई कोणी न्यायची, जिंकेल त्याने की हरेल त्याने? आई खिडकीपाशी बसलेली. ‘हरेल त्याने’ म्हणायची छाती कोणाची होती?

‘जिंकेल तो नेईल,’ ताई घाईघाईने म्हणाली. ‘अर्थातच.’

‘अर्थातच,’ दादा म्हणाला.

‘मलाही पत्ते वाटा,’ लिंबू म्हणाला.

त्याचा आवाज जरा मोठाच लागला. अक्काने दादाकडे पाहिलं, दादाने ताईकडे. ‘वाट ग त्यालाही,’ दादा म्हणाला. ‘नाहीतरी दोघांत डाव रंगत नाही.’

अक्का जाणारच होती, म्हणून ती खेळली नाही, पंच झाली. तिने पत्ते पिसले. एक दुर्री काढून ठेवली, म्हणजे तिघांना सारखी पानं येतात. खेळ साधा हुकमाचा होता. ज्याचे हात जास्त तो जिंकला. वरचं पान उलटलं तर किलवर हुकूम निघाला. लिंबू खिडकीकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे आईची खुर्ची बरोबर त्याच्या खांद्यामागे आली. आईला त्या घरात कधी कोणी पत्ते वाटले नव्हते. एवढे डाव रंगले, ते तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहिले.

पहिले दोन हात लिंबूला मिळाले. त्याला आनंद झाला. तिसराही मिळाला तेव्हा तो चपापला. राणी हातात असताना दादा तिर्री टाकत होता. ताई, जिने आयुष्यात कधी फुकटचा हात सोडला नव्हता, ती राजा लपवून पंजी देत होती. लिंबूला कळायला थोडा वेळ लागला, कारण असं काही त्याने त्या घरात पाहिलंच नव्हतं. दोघं हरायला खेळत होते. आणि कसे खेळत होते. जिंकायला कोणी इतकं डोकं चालवणार नाही. नियम एकही मोडत नव्हते. दादाचं नशीब मात्र त्याच्यावर उठलं होतं. हातात एक्के भरलेले, आणि एक्का किती वेळ लपवणार? हात अंगावर आला की त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यागत होई.

लिंबूने मागे वळून पाहिलं नाही. आईला हे दिसत असणार, या विचाराने त्याचे कान तापले. त्याला दोघांचा राग आला, आणि मग त्याला उमगलं की या टेबलावर आईसाठी खेळणारा तो एकटाच आहे. मग तो जिवाच्या आकांताने खेळू लागला.

डावाच्या मध्यावर ताईने चौकट चव्वी उतरली. दादाकडे चौकटचं एकच पान उरलं होतं, नेमका एक्का. नाइलाजाने त्याने तो टाकला. लिंबूने पानं चाळली. चौकट दिसली नाही. त्याने हुकमाची छक्की मारून हात घेतला, आणि दादाचा जीव भांड्यात पडला.

पुढे बदाम राणी टाकायला म्हणून लिंबूने ओढली, तर तिच्या पाठीला चिकटलेलं एक पान सुटून पुढे आलं. चौकट सत्ती.

पान असून हुकूम मारणं म्हणजे मास्तरांच्या घरात गुन्ह्यांतला गुन्हा. पत्ते गोळा व्हायच्या आत कोणी पकडलं तर त्याचे सगळे हात गेले, बात खलास. त्याने सत्ती अगदी कडेला ठेवली आणि शेवटपर्यंत धरून ठेवली. पण पत्ता कुठवर धरणार? शेवटच्या हाताला प्रत्येकाकडे एकच पान उरतं. लिंबूने ते टेबलावर ठेवलं. चौकट सत्ती, उताणी, सगळ्यांसमोर.

त्या माणसांना झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी कोणतं पान कधी पडलं ते सांगता आलं असतं. दादा पंख्याकडे बघू लागला. ताईने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. पंच म्हणून बसलेल्या अक्काने सत्तीकडे पाहिलं, लिंबूकडे पाहिलं, आणि हात मोजायला सुरुवात केली.

बोलायला लिंबूनेच हवं होतं. जन्मभर ज्याला आपली चूक धरली जावी असं वाटलं, त्याच्यासमोर ती चूक टेबलावर पडली होती. पण त्याला आई हवी होती. तोही गप्प बसला.

‘लिंबूचे नऊ,’ अक्का म्हणाली. ‘दादाचे पाच. ताईचे तीन. आई लिंबूकडे.’

‘अरे वा,’ दादा म्हणाला आणि त्याने लिंबूच्या पाठीवर थाप मारली. ‘जिंकलास लेका.’

‘पण आपला तो नियम...’ लिंबू म्हणाला. ‘माझा डाव धरायचा का?’

‘न धरायला काय झालं?’ ताई हसली. ‘एवढा घोडा झालास. पक्का तू आजपासून. डाव म्हणजे डाव.’

इतकी वर्षं जे झालं नाही, ते चहाचं आधण उकळायच्या आत झालं. लिंबूला कळत होतं ते का झालं. तरी त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. दादा उठून पत्ते गोळा करायला वाकला.

‘पत्ते राहू दे,’ आई म्हणाली.

दादाचा हात तसाच राहिला.

‘मघाशी चौकट आली तेव्हा याने हुकूम मारला,’ आई म्हणाली. ‘आणि सत्ती याच्याकडे होती.’

‘आई, तुला कुठे दिसलं? चष्मा पण नाही लावलास,’ अक्का म्हणाली.

‘मी पत्ते नेहमी लांबूनच पाहिलेत. तुला जवळून दिसलं नाही का?’

अक्का खाली बघू लागली.

‘अगं, चुकून झालं असेल,’ दादा म्हणाला. ‘असू दे ना. तो काय, आपला...’ आणि तो अडखळला, कारण पुढचा शब्द आता त्याला वापरता येत नव्हता.

‘तुमचा काय?’ आईने विचारलं. ‘तो कच्चा असेल तर त्याची जीत धरू नका. पक्का असेल तर त्याची चूक धरा. दोन्हीतलं सोयीचं तेवढं घ्यायचं, हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं तुम्हाला.’

आईने खुर्चीतूनच लिंबूच्या खांद्याला हात लावला. ती एकटी त्याला लिंबू म्हणत नसे.

‘धाकट्या, सत्ती होती ना तुझ्याकडे?’

‘होती.’

‘मग डाव गेला तुझा.’

‘हो,’ लिंबू म्हणाला.

त्याचे नऊ हात गेले, आणि दादाचे पाच सगळ्यांत जास्त ठरले. दादा बरं बोलला. आई माझ्याकडे येणार यात सांगण्यासारखं काय आहे, म्हणाला, आणि बायकोला फोन करायला गॅलरीत गेला. तो बराच वेळ तिथे होता. परत आला तेव्हा लिंबू म्हणाला, ‘दादा, तरी मीच नेतो.’ तिघांनी एकदम आईकडे पाहिलं. तिघांच्या डोळ्यांत आशा होती. आईने मान हलवली.

‘हरल्यावर मागू नये,’ ती म्हणाली.

बॅग भरायला ती आत गेली, तिच्या मागोमाग लिंबू. कपाट जवळजवळ रिकामं होतं. त्याने तिच्या साड्या एकेक करून हातात दिल्या आणि तिने त्या ठेवल्या.

‘मी मुद्दाम नाही केलं, आई.’

‘माहीत आहे. चिकटलं होतं पान. मला मागून दिसत होतं.’

‘मग का बोललीस?’

आई पलंगावर बसली. पलंग उंच होता, तिचे पाय लोंबकळत होते.

‘तू लहान होतास तेव्हाही ते तुला असंच सोडायचे,’ ती म्हणाली. ‘तू चुकायचास, ते एकमेकांकडे बघून हसायचे. तुला वाटायचं, आपल्यावर खूश आहेत. मला दारातून दिसायचं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण मला कोण पत्ते वाटत होतं?’

लिंबूने बॅगेची चेन लावली. ती मध्येच अडकली, म्हणून त्याने परत उघडून लावली.

‘आणि तुझ्याकडे यायचं होतं रे मला,’ आई म्हणाली. ‘त्या फोनच्या दिवसापासून वाट बघत होते. अक्का बोलत होती तेव्हा मी इथेच बसले होते.’

‘मग चल ना.’

‘कशी येऊ? सगळ्यांनी मिळून सोडून दिलेल्या डावावर यायचं? म्हणजे तू परत तोच, आणि मी ती अशी कोणी न मागितलेली.’ तिने त्याच्या शर्टाच्या बाहीवर वाळलेलं प्लास्टर नखाने खरवडलं. ‘नीट हरलास तू. बस आता.’

लिंबूला रडू आलं. या घरात रडायचं तर नळ सोडून रडायची पद्धत होती, पण नळ लांब होता, आणि तो आईसमोरच रडला. आईने त्याला थांब म्हटलं नाही.

खाली दादाने गाडी काढली. ताईने आईला पुढे बसवून पायांवर शाल घातली. अक्का वरच्या खिडकीतून हात हलवत होती. लिंबूने बॅग मागच्या सीटवर ठेवली, आणि दार लावून तो काचेशी आला.

‘दादा, पुढच्या सुट्टीत परत डाव मांडायचा,’ तो म्हणाला. ‘आईसाठी. मला पक्की पानं वाटायची.’

दादाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. ‘वाटू,’ तो म्हणाला.

‘मांडा,’ आई म्हणाली. ‘मी असले तर बघेन.’

गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. ताई म्हणाली, वर चल, चहा घे. लिंबू म्हणाला, नको, काम पडलंय. काम काही पडलं नव्हतं. तो फाटकाशी उभाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला बाद केलं होतं, सगळ्यांदेखत, नियमाने. आणि ज्या एका माणसाने ते केलं होतं, ते माणूस दुसऱ्याच्या घरी राहायला निघून गेलं होतं.